मुरूम मोजला जातो, घरटे नाही

नागपूर शहर दक्षिणेकडे सरकत गेले आणि वर्धा मार्गालगतचे बेसा हे शेतीचे गाव पाहता पाहता ले-आऊटचे, बहुमजली संकुलांचे उपनगर झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा पट्टा नागपूरच्या परिसरात येऊन संपतो. हा पाषाण झिजून जो थर तयार होतो तोच मुरूम. नव्या वसाहतीचे रस्ते आणि भराव यांसाठी तो लागतोच आणि जागेवर मिळाला तर वाहतुकीचा खर्चही वाचतो. साहजिकच नियोजित वसाहतीच्या हद्दीतच मुरूमाची खाण निघते. यात मुळात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. घरे हवीत तर मुरूमही हवा.

परंतु खोदलेली जागा फार काळ रिकामी राहत नाही. मुरूमाच्या उभ्या कडेत वेडा राघू आणि खंड्या बिळे करून अंडी घालतात. टिटवीला तर घरटे बांधण्याचीही गरज वाटत नाही, उघड्या खड्यांवरच तिची अंडी असतात. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असा अंदाज शेतकरी पिढ्यान्पिढ्या बांधत आला आहे. खळग्यात पाणी साचले की बेडूक येतात, त्यांच्यामागे धामण येते; दगडांच्या कपारीत घोरपड राहू लागते. या पक्ष्यांच्या विणीचा मुख्य काळ मार्च ते जून. नेमक्या याच महिन्यांत, पावसापूर्वी भराव उरकण्याच्या घाईने, जेसीबी दिवसरात्र चालतात. संघर्षाचे मूळ या वेळापत्रकात आहे.

कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्षी व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस आणि घरट्यांना उपद्रव यांचा समावेश आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे बंदुकीने केलेली शिकार आणि जाणूनबुजून जेसीबीने उद्ध्वस्त केलेले घरटे यांत कायद्याने भेद केलेला नाही. प्रत्यक्षात मात्र पंचनामा होतो तो किती ब्रास मुरूम निघाला आणि स्वामित्वधन भरले की नाही, एवढ्याचाच. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांखालील गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. पण वसाहतीतले खोदकाम बहुधा 'सपाटीकरण' या नावाने चालते. पायाची माती त्याच भूखंडावर वापरली तर ती सरसकट गौण खनिज ठरत नाही, असे याच न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटले. तो प्रश्न स्वामित्वधनाचा होता. त्यातून घरटी मोडण्याची मुभा मिळाली असा अर्थ कोणी काढू नये.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शेजारच्या मिहान परिसरात वाघ फिरकला, तेव्हा वनखात्याने कॅमेरे लावले, गस्त घातली, वृत्तपत्रांत मोठे मथळे आले. ते योग्यच होते. टिटवीसाठी मात्र कोणी साधा फलकही लावत नाही! नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये, हा संकेत ज्या समाजाने पाळला, त्याला मातीखालच्या जिवाची जाणीव नव्याने शिकवावी लागावी, हे आश्चर्यच.

उपाय अवघड नाही. ले-आऊटच्या मंजुरीतच अट घालावी की मुरूमाची उभी कड ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच खोदली जाईल आणि विणीच्या महिन्यांत सपाट जमिनीवरचे कामही घरटी पाहून, ती वगळून होईल. उघड्या खड्ड्यात मुले बुडण्याची रहिवाशांची भीती खरी आहे. तिला हसण्यावारी नेऊ नये. मात्र खड्डा बुजवणे हे तिचे एकमेव उत्तर नव्हे. सभोवार कुंपण घालावे, एक बाजू उताराची करावी म्हणजे आत पडलेला प्राणी बाहेर येऊ शकेल, दुसरी कड पक्ष्यांसाठी उभीच ठेवावी. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या बंद खाणीत पाणी साचते आणि मोरांपासून पाणपक्ष्यांपर्यंत अनेकांना त्याचा आधार होतो. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे. बेसा-पिपळा नगरपंचायतीच्या समितीने पुढच्या मार्चपूर्वी हद्दीतील प्रत्येक खाणीची पाहणी करून तिथल्या जीवांची नोंद आपल्या नोंदवहीत करावी आणि तिची प्रत तहसीलदार व वनखाते या दोघांकडेही धाडावी.