पात्राची नीती आणि कलाकृतीची नीती

पदव्युत्तर परीक्षांच्या नाट्यविषयक प्रश्नपत्रिकांत तीन प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले आढळतात. पहिला प्रश्न प्रमुख पात्राच्या स्वभावरेखनाचा, दुसरा नाटकातून व्यक्त होणाऱ्या जीवनदृष्टीचा अथवा नीतिविचाराचा आणि तिसरा नाट्यतंत्राचा. हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरेही स्वतंत्र कप्प्यांत लिहिली जातात. पात्र हे जणू नाटकाबाहेर वावरणारे माणूस, नीती हे त्याच्या वर्तनाचे प्रमाणपत्र आणि तंत्र म्हणजे या दोहोंवर मागाहून चढविलेली सजावट, अशी विभागणी विद्यार्थ्याच्या मनात पक्की होते. ही केवळ परीक्षापद्धतीतील गैरसोय आहे असे समजणे चुकीचे ठरेल. अभिजात नाटकांविषयीचे मराठी समीक्षेतील अनेक वाद या विभागणीतूनच निर्माण झाले आहेत आणि म्हणूनच ते निष्फळ ठरले आहेत.

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांची सिंधू मराठी प्रेक्षकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे कित्येक वर्षे सिंधूवरील उत्तर ठरलेले असे: सिंधू ही आदर्श पतिव्रता, त्यागाची मूर्ती. स्त्रीवादी विचार अभ्यासक्रमात स्थिरावल्यानंतर उत्तर बदलले. सिंधू ही पुरुषप्रधान व्यवस्थेची बळी, तिचे सहन करणे हे गुलामीचे उदात्तीकरण आणि म्हणून नाटक प्रतिगामी, असे आता लिहिले जाते. वरवर पाहता ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. पात्राची नीती तीच नाटकाची नीती, हे ते गृहीतक होय. पहिल्या पिढीने सिंधूला गुण दिले, दुसरीने ते काढून घेतले. नाटक मात्र दोघींनीही वाचले नाही.

नाटक वाचायचे तर सिंधू जे करते त्याची मांडणी नाटककाराने कशी केली आहे हे पाहावे लागते. आपल्या तोंडून कधी असत्य जाऊ नये अशी जिची वृत्ती, ती सिंधू मरणाच्या दारात फौजदारापुढे खोटे बोलते. आपल्याला झालेल्या दुखापतीला नवरा कारण नाही, असे ती सांगते. हा प्रसंग पातिव्रत्याची परिसीमा म्हणून शिकविला जातो. परंतु त्या क्षणी रंगमंचावर घडते ते निराळेच आहे. सत्य काय हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, सुधाकराला ठाऊक आहे, सिंधूला ठाऊक आहे. ज्याने ते नोंदवून घ्यायचे त्या कायद्याच्या प्रतिनिधीला मात्र ते मिळत नाही. सिंधूच्या खोटेपणामुळे सत्याची जबाबदारी प्रेक्षकाच्या अंगावर येऊन पडते. कायद्याला जे कळू दिले गेले नाही, ते प्रेक्षक घेऊन घरी जातो. ही नाटकाची नीती आहे, आणि ती सिंधूच्या नीतीहून भिन्न आहे. सिंधू नवऱ्याला क्षमा करते. नाटक त्याला क्षमा करीत नाही.

याच नाटकात गडकऱ्यांनी तळीरामाची बायको गीता उभी केली आहे. तिचाही नवरा दारुडा; पण ती मुकाट्याने सोसत नाही, फटकळपणे बोलते. समांतर पात्राची ही योजना सर्वस्वी तंत्राची बाब आहे. गीता नसती तर सोशिकपणा हा एकमेव स्त्रीधर्म आहे असे नाटक म्हणते, हा आरोप टिकला असता. गीता आहे म्हणून सिंधूचे वागणे ही निवड ठरते, निसर्गनियम ठरत नाही. मात्र येथेच थांबणेही योग्य नव्हे. गीता विनोदी उपकथानकात आहे आणि तिची भाषा हशा मिळविते. सिंधूला गंभीर कथानक मिळाले आहे, पदे मिळाली आहेत. म्हणजे दुसरा मार्ग नाटक दाखविते खरे, परंतु त्याला गांभीर्याचा मान देत नाही. हा दोष पात्राचा नव्हे, रचनेचा आहे. आणि तो रचनेच्या विश्लेषणाशिवाय सापडत नाही.

पदांचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘एकच प्याला’ची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. संगीत नाटकाच्या प्रथेत करुण प्रसंगीचे पद हे रसिकांच्या आनंदाचे स्थान असे आणि त्याला ‘वन्समोअर’ मिळत असे. ज्या दुःखाने प्रेक्षक अस्वस्थ व्हायचा, तेच दुःख पुन्हा गाऊन दाखवावे अशी मागणी तो करीत असे. दुःखाला मिळालेला हा गोडवा नैतिकदृष्ट्या निरपराध म्हणता येईल काय? संहितेत जो प्रसंग प्रेक्षकाला साक्षीदार बनवितो, तोच प्रसंग प्रयोगात त्याला श्रोता बनवून साक्षीच्या जबाबदारीतून मोकळा करतो. सिंधूच्या सोशिकतेचे उदात्तीकरण झाले असेल तर ते गडकऱ्यांच्या संवादांपेक्षा या सुरांनी अधिक केले असण्याचा संभव आहे. संहिता आणि प्रयोग यांच्यातील या ताणाची दखल न घेता नाटकाला पुरोगामी अथवा प्रतिगामी ठरविणे म्हणजे अर्धा पुरावा तपासून निकाल देण्यासारखे आहे.

या मुद्द्याचे महत्त्व प्रभातच्या ‘कुंकू’ या चित्रपटाशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी 1937 साली दिग्दर्शित केला. फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा हा विवाह मनाने मान्य करीत नाही. नीरेचे बंड हा नेहमीचा चर्चाविषय. परंतु चित्रपटाची नीती केवळ तिच्या बंडात नाही. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि पडद्यावरील जगातूनच येणाऱ्या आवाजांवर भर दिला. प्रसंगी काय वाटून घ्यावे हे सांगणारे सूर काढून घेतल्यामुळे प्रेक्षकाला नीरेबद्दल नुसता कळवळा वाटून भागत नाही. तिच्या नकाराचा निवाडा त्याला स्वतःच करावा लागतो. घरातले जुने घड्याळ वृद्धत्वाची जाणीव करून देत राहते. तो केशवराव दाते यांनी साकारलेल्या काकासाहेबांवरचा आरोप आहे आणि त्यांच्याविषयीच्या करुणेचे कारणही आहे. खलनायक उभा न करता अन्याय दाखविणे या चित्रपटाला साधले ते अशा तंत्रामुळे. सिंधूच्या दुःखाला सूर मिळाले, नीरेच्या नकाराभोवती शांतता ठेवली गेली. दोन कलाकृतींच्या नीतीतील अंतर बरेचसे या एका निवडीत सामावले आहे.

शांततेचा हा प्रश्न विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात शीर्षकापर्यंत येऊन पोहोचतो. 1967 साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारेची भूमिका केली. खेळ म्हणून मांडलेला अभिरूप खटला पाहता पाहता खऱ्या शिकारीचे रूप घेतो. सामंत हा भाबडा मनुष्य हातातल्या कादंबरीच्या आधारे खोटी साक्ष देतो आणि ती बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते. न्यायाधीश झालेले काशीकर कानकोरणे घेऊन कान कोरीत बसतात. ज्याच्यामुळे हे सारे ओढवले तो प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाही. या तिन्ही योजना तंत्राच्या आहेत, आणि तिन्हींतून नीतीचे एकेक विधान होते. समाजाला पुरावा लागत नाही, कथा पुरते. न्याय देणारा कान साफ करतो, पण ऐकत नाही. पुरुषाची अनुपस्थिती हीच त्याची निर्दोष सुटका ठरते.

बेणारेच्या दीर्घ स्वगतावर आजवर विपुल लिहिले गेले आहे. पुष्कळ विद्यार्थी त्याला तिचे ‘कोर्टातील निवेदन’ म्हणतात आणि त्या आधारे तिचे स्वभावरेखन पूर्ण करतात. ही चूक लहान नाही. ती बोलत असताना इतर सर्व पात्रे जागच्या जागी स्तब्ध झालेली असतात. तिचे शब्द कोर्टाच्या कानी पडत नाहीत, कामकाजात नोंदले जात नाहीत. त्यानंतर निकाल असा दिला जातो की जणू ती काही बोललीच नाही. म्हणजे हे निवेदन ऐकणारा एकटा प्रेक्षक आहे. सिंधूने सत्य लपविले म्हणून ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. बेणारेने सत्य सांगितले, तरीही ते पोहोचले नाही. मराठी नाटकाने सुमारे अर्ध्या शतकात केलेला हा प्रवास या दोन स्त्रियांची स्वभावचित्रे शेजारी शेजारी लिहून समजणार नाही. कोण बोलते यापेक्षा कोणाला ऐकू येऊ दिले जाते, हा प्रश्न विचारला तरच तो उलगडतो.

सत्यदेव दुबे यांनी 1971 साली या नाटकावर चित्रपट केला आणि त्यातही बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनीच केली. माध्यमांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी येथे कथानकातील बदलांची यादी करून थांबू नये. रंगमंचावर बोलणारी स्त्री आणि थिजलेले पुरुष एकाच वेळी दिसत राहतात. प्रेक्षकाची नजर दोहोंमध्ये फिरू शकते. कॅमेऱ्याला मात्र निवड करावी लागते. चेहरा जवळून दाखविला की थिजलेली माणसे चौकटीबाहेर जातात, आणि सामाजिक आरोपाचे रूपांतर व्यक्तिगत वेदनेत होण्याचा धोका उत्पन्न होतो. कॅमेरा कोठे ठेवला हा प्रश्न अशा वेळी नीतीचाच प्रश्न असतो.

या भूमिकेवर एक आक्षेप अपेक्षित आहे. तंत्राला एवढे महत्त्व दिले तर समीक्षा रूपवादाच्या आडोशाला जाईल आणि पात्रांच्या वर्तनाचे सामाजिक मूल्यमापन टळेल, असे म्हटले जाईल. आक्षेप गंभीर आहे. कारण केवळ रचनेचे कौतुक करून मूळ प्रश्नाला बगल देणारी समीक्षा मराठीत झालीच नाही असे नाही. परंतु वरील उदाहरणांतून दिसते ते याच्या उलट आहे. गीतेला दिलेले विनोदी स्थान, सिंधूच्या दुःखाला मिळालेले सूर आणि दामलेची अनुपस्थिती ही लेखकाने आणि प्रयोगकर्त्याने घेतलेल्या निर्णयांची उदाहरणे आहेत. पात्र आपल्या वागण्याला जबाबदार असते ते कल्पित जगात. हे निर्णय मात्र खऱ्या माणसांनी खऱ्या प्रेक्षकांसाठी घेतलेले असतात. तेव्हा नैतिक मूल्यमापन करायचे तर ते प्रथम तेथे केले पाहिजे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेत कथानकाला पहिले आणि स्वभावाला दुसरे स्थान दिले, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो; त्याचा अर्थ प्रश्नपत्रिकेत मात्र उतरत नाही.

तो उतरायचा असेल तर फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. ‘सिंधूचे स्वभावचित्र रेखाटा’ याऐवजी ‘सिंधूच्या असत्य कथनाचा प्रसंग प्रेक्षकावर कोणती जबाबदारी टाकतो?’ असे विचारता येईल. ‘बेणारेच्या व्यक्तिमत्त्वाचे विशेष सांगा’ याऐवजी ‘बेणारेचे स्वगत इतर पात्रांना ऐकू गेले असते तर नाटकाचा अर्थ कसा बदलला असता?’ असे विचारता येईल. अशा प्रश्नांची तयार उत्तरे बाजारातील मार्गदर्शकांत मिळत नाहीत. त्यासाठी संहिता उघडावी लागते. वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी कोणाच्या घरी तळीराम असतो, कोणाच्या वाट्याला काशीकरांचे कोर्ट आलेले असते. त्यांना पात्रांच्या चारित्र्याचे दाखले लिहावयास लावणे म्हणजे त्याच कोर्टाचे कामकाज वर्गात पुढे चालू ठेवणे होय. नाटकाने ज्यांना श्रोता म्हणून निवडले, त्यांना न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसविण्याची घाई निदान साहित्याच्या अध्यापकाने करू नये.