बिनतारी उपकरणांचा विलंब

ब्लूटूथची दोन उपकरणे परस्परांशी जोडली जाण्यास काही क्षण लागले, की आपण यंत्रास दोष देतो. हे अन्यायाचे आहे, असे आमचे मत आहे. या पद्धतीच्या मूळ प्रकारात 79 वाहिन्या असून जोडलेली उपकरणे सेकंदास 1600 वेळा वाहिनी बदलतात. इतर संदेशांची गर्दी चुकविण्याचा तो उपाय होय. परंतु जोडणीपूर्वी उभयतांची घड्याळे जुळलेली नसतात. हाक मारणारे एका वाहिनीवर, तर ऐकणारे भलत्याच! शिवाय ऐकणारे उपकरण सदैव जागेही नसते. विद्युत्‌घट लवकर रिता होऊ नये म्हणून ते सामान्यतः 1.28 सेकंदांतून एकदा, तेही सुमारे 11 सहस्रांश सेकंदच कान देते. (‘जोडणी’ हा शब्दच येथे थोडा फसवा आहे, ‘भेट’ म्हणणे अधिक युक्त.) भेट झाल्यावर मग गुप्त किल्ली पडताळली जाते. ज्यांना घाई असेल त्यांनी उपकरण अधिक वेळ जागे ठेवावे आणि घट लवकर संपू द्यावा. तो सौदा करता येतो. किल्लीची पडताळणी मात्र वेळ वाचविण्यासाठी कदापि वगळू नये. ती वगळल्यास शेजारच्या खोलीतील परके उपकरणही आपल्या उपकरणाचे सोंग घेऊ शकेल.