उठण्याची घाई नको

गतवर्षीं भाद्रपदांत आमच्या थोरल्या बंधूंवर पुण्यास हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली व दहाव्या दिवशीं ते जुन्नरास घरीं आले. सर्वांस हायसें वाटलें. परंतु तिसऱ्या दिवशीं पहाटे मोरीकडे जातां जातां दादांस भोवळ आली आणि ते भिंतीच्या आधारानें खालीं बसले. अंगास दरदरून घाम सुटला होता. सूनबाईंनीं रक्तदाब मोजला तों वरचा आंकडा ८२ व खालचा ५०!

कोणी म्हणे मीठसाखरेचें पाणी द्या, कोणी म्हणे चहा पाजा. आम्हीं त्यांस आडवें निजवून पायांखालीं उशी दिली व १०८ क्रमांकावर गाडी मागविली. नारायणगांवावरून मंचर गांठेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेथें डॉक्टरांनीं गोळ्यांची पिशवी पालथी केली आणि उलगडा झाला. शस्त्रक्रियेपूर्वींची गोळी व नवी गोळी, नांवें निराळीं, औषध एकच! दोन्ही आम्हींच वेळच्या वेळीं देत होतों. अक्षर वाचणें म्हणजे अर्थ जाणणें नव्हे, असें जन्मभर मुलांस बजावणाऱ्या मास्तरानें ही चूक करावी!

वाचकहो, अशा रुग्णाचा दाब उतरण्यास इतरहि कारणें असतात: शरीरांतील पाणी कमी होणें, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, हृदयाची बिघडलेली लय, जंतुसंसर्ग, किंवा हृदयाच्या आवरणांत द्रव सांचणें. हें शेवटचें संकट घरीं परतल्यावर कांहीं दिवसांनीं वा आठवड्यांनींहि उद्भवतें व त्यांत विलंब प्राणघातक होय. म्हणून ९० च्या खालीं आंकडा आणि सोबत भोवळ, धाप, घाम वा गोंधळलेपणा दिसल्यास घरगुती उपाय करीत बसूं नये. हृदय दुबळें असतां मीठपाणी उलट अपाय करतें. धाप लागत असेल तर निजवूं नये, टेकून बसवावें.

उठतांना रुग्णानें प्रथम कुशीवर वळावें, पाय खालीं सोडून मिनिटभर बसावें, मग उभें राहावें. निजून व उभ्यानें मोजलेल्या वरच्या आंकड्यांत वीसाची घट आढळल्यास डॉक्टरांस कळवावें. मात्र कोणतीहि गोळी आपल्या मतानें बंद करूं नये. घरीं येतांच जुन्या व नव्या सर्व गोळ्या त्यांस एकत्र दाखवाव्या.

फेब्रुवारी १९६८ मध्यें मुंबईच्या केईएम रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें, तो रुग्ण कांहीं तासच जगला. तेव्हांपासून शल्यविद्या फार पुढें गेली आहे. परंतु शल्यविशारदाचा हात घराच्या उंबरठ्याशीं थांबतो. तेथून पुढचें काम घरच्यांचें.

दादा आतां शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत फिरून येतात. औषधांची यादी कपाटावर लावलेली आहे. ती सूनबाईंच्या हातची आहे, आमच्या नव्हे.