रेवसच्या समोरच्या किनाऱ्यावरची अमेरिकन मोटार

१/
अमेरिकन ‘मसल कार’ या विषयावर मराठीत लिहिताना बहुतेक जण थेट डेट्रॉईटला पोहोचतात. या थ्रेडमध्ये मी रेवसच्या धक्क्यापासून सुरुवात करणार आहे. त्याला कारण आहे. येथून सुटणारी लाँच भाऊच्या धक्क्याला लागते आणि त्याच किनाऱ्याने काही किलोमीटर उत्तरेस गेले की शिवडी येते. भारतात शेवरोले मोटारींची जुळणी प्रथम झाली ती तेथे, १९२८ साली.

२/
आधी संज्ञा स्पष्ट करू, कारण आपल्याकडे प्रत्येक लांबरुंद अमेरिकन गाडीला मसल कार म्हणण्याची पद्धत पडली आहे. मध्यम आकाराच्या, साध्या, दोन दारांच्या गाडीत मोठ्या गाडीचे अवजड व्ही-८ इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, हे मसल कारचे मूळ सूत्र. १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ ही तिची सर्वमान्य सुरुवात.

३/
जीटीओचा जन्म एका पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवी गाडी म्हणून परवानगी मागितलीच नाही. आधीच मंजूर असलेल्या गाडीवरचा ‘ऐच्छिक संच’ म्हणून ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी यादीत घातले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग नियमाची आठवण कोण काढणार?

४/
पुढचा क्रम बहुतेकांना पाठ असतो. एप्रिल १९६४मध्ये प्लिमथ बाराकुडा आणि तिच्यामागून दोनच आठवड्यांनी फोर्ड मस्टँग (काटेकोर बोलायचे तर या दोन्ही ‘पोनी कार’), १९६६ची डॉज चार्जर, १९६८ची प्लिमथ रोड रनर, १९७०ची डॉज चॅलेंजर. यांतली दोन नावे लक्षात ठेवा : प्लिमथ आणि डॉज. ही नावे मुंबईला नवी नव्हती. कुर्ल्यात ती गाड्यांवर आधीच लागून गेली होती.

५/
१९३०च्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भारतीय मोटार कारखान्याची योजना मांडली. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तिला पाठिंबा देऊ केला आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद ती अंगावर घेऊन अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने मात्र युद्धकाळात हा उद्योग आवश्यक मानण्यास नकार दिला. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या मोटारी आणि डॉज-फार्गो मालट्रक तेथे जुळवले जात.

६/
रेवसला १९४७ म्हटले की कुर्ला कुणाला आठवत नाही. आठवते ती १७ जुलैची रामदास बोट. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गटारी अमावास्येसाठी गावी परतणारे अलिबाग परिसरातले चाकरमानी त्यात मोठ्या संख्येने होते. हा प्रसंग मी सजावटीसाठी सांगत नाही. गिरण्या, गोद्या आणि नव्याने उभे राहणारे मोटार कारखाने ज्या मनुष्यबळावर चालत होते, ते या खाडीतून ये-जा करत होते. मोटारीच्या इतिहासात या प्रवासाला जागा असली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

७/
आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या पिढीतल्या मोटारवेड्यांमध्ये एक विधान सतत फिरत असते : “लायसन्स राज नसते तर आपल्या रस्त्यांवरही मस्टँग आणि चार्जर धावल्या असत्या.” ऐकायला छान वाटते. पुराव्यापुढे टिकत नाही.

८/
या विधानात तथ्याचा एक अंश आहे, तो मान्य करू. १९४९ साली पूर्ण बांधणीच्या गाड्यांच्या आयातीवर बंधन आले. १९५३च्या टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, टप्प्याटप्प्याने येथेच सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्याच कंपन्यांनी राहावे. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीतला गाशा गुंडाळला. फोर्डनेही त्याच सुमारास जुळणी थांबवली. सरकारी धोरणाने दार लोटले, हे खरे.

९/
परंतु दार उघडे राहिले असते तर आत काय आले असते? मसल कार ही एका विशिष्ट अमेरिकेची निर्मिती होती : पाण्याच्या भावाचे पेट्रोल, १९५६च्या कायद्यानंतर पसरलेले आंतरराज्य महामार्ग, हप्त्यांवर सहज मिळणारे कर्ज आणि युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची नुकतीच वयात आलेली प्रचंड पिढी. या चारांपैकी १९६४च्या महाराष्ट्रात काय होते? त्या वर्षी अमेरिकेत जीटीओ ३२५ अश्वशक्तीची जाहिरात करत होती. कुर्ल्यातून बाहेर पडणाऱ्या फियाट ११०० डिलाइटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते, शक्ती चाळीसच्या आसपास, आणि तिच्यासाठीही वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी. आपली अवघी बाजारपेठ अगदी लहान. एवढ्याशा खपासाठी डेट्रॉईटने येथे व्ही-८ इंजिनाचे साचे उभारले असते, यावर माझा विश्वास नाही.

१०/
शिवाय खुद्द अमेरिकेतही हा काळ जेमतेम दहा वर्षांचा ठरला. तरुण चालकांसाठी विम्याचे हप्ते भडकले, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७२पासून अश्वशक्ती मोजण्याची आणि छापण्याची पद्धत बदलली (तोवरचे आकडे इंजिन गाडीबाहेर काढून, जोडकामाशिवाय मोजलेले असत, समाजमाध्यमांवर ४२५ अश्वशक्तीच्या हेमीची तुलना आजच्या गाडीशी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे) आणि ऑक्टोबर १९७३च्या तेलबंदीने उरलेसुरले काम संपवले. तेथे लायसन्स राज नव्हते.

११/
मग आपल्या मनात ही गाडी आली कुठून? आधी मुंबईच्या रस्त्यांवरून. पन्नाशीच्या दशकात डॉज आणि प्लिमथ गाड्या येथे टॅक्सी म्हणून धावत. त्यांना ‘बडी टॅक्सी’ म्हणत. नंतर इम्पाला आली. परकीय वकिलातींच्या जुन्या गाड्या राज्य व्यापार महामंडळाकडून विकल्या जात आणि त्यांतल्या काही सिनेमावाल्यांच्या दारी पोहोचत. आमच्या पिढीच्या मनात ती ‘फास्ट अँड फ्युरियस’मधल्या १९७०च्या काळ्या चार्जरमधून आणि संगणकावरच्या शर्यतींमधून शिरली. म्हणजे आजोबांनी जी डॉज भाड्याने घेतली, तीच नातवाने पडद्यावर पाहिली आणि दोघांत काही नाते आहे हे त्याला कुणी सांगितले नाही.

१२/
२०१६ साली फोर्डने पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची मस्टँग भारतात अधिकृतपणे विकायला काढली. मांडव्याला २०२०पासून रो-रो बोट सुरू झाली. गेल्या हिवाळ्यात त्या बोटीतून उतरलेली एक लाल मस्टँग मी पाहिली. तिच्या पुढे बैलगाडी नव्हती, ते चित्र फार सोपे झाले असते. पुढे होता रेती भरलेला डंपर आणि मागे एसटी. अलिबागपर्यंत ती बहुधा तिसऱ्या गिअरच्या वर गेली नसावी. पण वाटेवरची पोरे थांबून ऐकत होती आणि मीही ऐकले. त्या आवाजाचे आकर्षण खोटे आहे, असे मी म्हणणार नाही.

१३/
माझी तक्रार चाहत्यांच्या प्रेमाबद्दल नाही, त्याच्या कक्षेबद्दल आहे. चॅलेंजरच्या इंजिनाचे घनइंच तोंडपाठ असणाऱ्यांना ती जेथे बनली त्या हॅमट्रॅमिकच्या ‘डॉज मेन’ कारखान्याविषयी विचारून पाहा. १९६८च्या मे महिन्यात तेथे युनियनला न जुमानता संप झाला आणि त्यातून कृष्णवर्णीय कामगारांची ‘डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट’ उभी राहिली. जुळणीपट्ट्याचा वाढवलेला वेग आणि सर्वांत जड कामे कृष्णवर्णीयांच्या माथी मारण्याची रीत, हे त्यांचे मुख्य प्रश्न होते. अश्वशक्तीच्या शर्यतीची हीच वर्षे.

१४/
आणि कुर्ला? प्रीमियरचा कारखाना सत्तरच्या दशकात दत्ता सामंतांच्या कामगार लढ्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण होता. सामंत मूळचे कोकणातले, देवबागचे. एकेकाळी एकाच क्रायस्लरच्या गाड्या जुळवणाऱ्या दोन शहरांतल्या कामगारांनी दहा-बारा वर्षांच्या अंतराने प्रस्थापित युनियनला बाजूला सारून स्वतःचा मार्ग शोधला, याचा एकत्रित अभ्यास मराठीत व्हायला हवा. तुलना ओढूनताणून करू नये, हे मला कळते. वंशभेद आणि जात, डेट्रॉईट आणि मुंबई यांची सरमिसळ करणे चुकीचे होईल. पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

१५/
या इतिहासाची साधने झपाट्याने हातची जात आहेत. कुर्ल्यात प्रीमियरच्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. शिवडीतून २०२४ साली अटल सेतू सुरू झाला. त्यावरून जाणाऱ्यांना या भागात शेवरोले जुळवल्या जात हे सांगणारे काही दिसत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी बंद झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅनडातल्या ब्रॅम्प्टन येथे जुन्या धर्तीच्या चॅलेंजर आणि चार्जर गाड्यांचे उत्पादन थांबले. दुसऱ्या बातमीवर आपल्याकडच्या मुलांनी मराठीतून हळहळ व्यक्त केली. पहिलीवरही केली, पण ती टॅक्सीबद्दल होती. टॅक्सी बनवणाऱ्यांबद्दल नव्हती.

१६/
गडकोटांवर आपण जेवढे श्रम घेतो त्याच्या दहावा हिस्सा तरी कारखान्यांच्या वाट्याला यावा, असे मला वाटते. शिलालेख आणखी शंभर वर्षे टिकेल. १९६०मध्ये विशीत असलेला कुर्ल्याचा फिटर आज ऐंशी ओलांडून गेला आहे.

१७/
रेवस, मांडवा, बोडणी, सासवणे, किहीम, अलिबाग, पलीकडे करंजा, उरण : या पट्ट्यातल्या कुणाच्या घरी शिवडीच्या जनरल मोटर्सचा किंवा कुर्ल्याच्या प्रीमियरचा गेटपास, पगारपत्रक, युनियनची पावती, पाळीचे कार्ड, कामगारांचा समूहफोटो असेल तर त्याचे छायाचित्र या थ्रेडखाली टाका. नाव झाकले तरी चालेल. साल आणि खाते दिसू द्या. कुणी आजोबा बोलायला तयार असतील तर मी लाँचने येईन. पावसाळ्याआधी, मेच्या आत कळवलेत तर बरे.