लेकाच्या घरी कॅलिफोर्नियात: थोडं शहर, थोडा द्राक्षमळा

आपल्यापैकी पुष्कळजणींचा मुलगा, नाहीतर लेक-जावई आता कॅलिफोर्नियात आहेत. फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजे ही नावं आपल्या तोंडात डोंबिवली-चिंचवडइतकी रुळली आहेत. बाळंतपणाच्या निमित्तानं म्हणा, नातवंडांच्या ओढीनं म्हणा, आपण सहा-सहा महिने तिकडे जातो. डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला यांची यादी महिनाभर आधी तयार असते. मात्र तिथं काय पाहायचं याची यादी कुणीच करत नाही!

मग होतं काय, की सकाळी मुलं कामावर गेली की घर सुनसान. रस्त्यावर माणूस दिसत नाही. शनिवार उजाडला की आठवड्याचा बाजार, रविवारी देऊळ, झाला आठवडा. मुलांना वेळ नसतो आणि आपल्याला मागायचा संकोच. असे सहा महिने काढून परत आलं की शेजारीण विचारते, "काय काय पाहिलंत हो?" आणि आपण पुलाचा एक फोटो दाखवतो.

म्हणून आज सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी दोन दिवस आणि जवळच्या द्राक्षांच्या खोऱ्यासाठी एक दिवस, असा बेत तुमच्यापुढे ठेवते. शहराचे दोन दिवस मुलांना रजा घ्यायला न लावता तुम्ही दोघं, किंवा तुम्ही एकट्यासुद्धा करू शकाल.

आधी जाण्यायेण्याचं

फ्रीमाँटच्या बाजूला असाल तर बार्ट, आणि सनीवेल, माउंटन व्ह्यू, पालो अल्टोकडे असाल तर कॅलट्रेन. दोन्ही गाड्या थेट शहरात जातात. बार्ट १९७२ साली सुरू झाली आणि ती खाडीच्या तळाखालच्या बोगद्यातून जाते. क्लिपर नावाचं एकच कार्ड आगगाडी, बस, ट्राम सगळ्यांना चालतं. पासष्ट वर्षांवरच्यांना भाड्यात चांगली सवलत आहे. मुलाला सांगून ज्येष्ठांचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढून घ्या.

पहिल्या खेपेस मुलाबरोबर जा, पण तिकीट तुम्ही लावा, फलाट तुम्ही शोधा, तो नुसता बरोबर राहील. दुसऱ्या खेपेस यजमानांबरोबर जा. तिसऱ्या खेपेस एकटीनं जाऊन पाहा. विरारच्या लोकलमध्ये चढलेल्या बाईला या गाड्या म्हणजे झोपाळाच! सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा आणि संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या आत परता.

स्वेटर विसरू नका

जुलै महिना, म्हणजे उन्हाळा, म्हणून सुती साडीवर निघालात तर कुडकुडाल. उन्हाळ्यात आतली खोरी तापतात, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, धुक्याची हवा आत ओढली जाते. ही हवा शहरावरूनच जाते. त्यामुळे नापाला घाम येत असतो त्याच दिवशी शहरात शाल लागते. शहर उबदार असतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. पायात चप्पल नको, बूट हवेत. सगळं गाव टेकड्यांवर वसलं आहे आणि चढ गुडघे विचारतात.

दिवस पहिला: घाट, ट्राम आणि मंडई

बार्टच्या एम्बार्कडेरो स्टेशनावर उतरा. समोर फेरी बिल्डिंगचा घड्याळाचा मनोरा दिसेल. ही इमारत १८९८ सालची. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, मग आगी लागल्या आणि शहराचा फार मोठा भाग बेचिराख झाला. हा मनोरा मात्र उभा राहिला. शनिवारी इथं शेतकऱ्यांचा मोठा बाजार भरतो. भाव ऐकून मनातल्या मनात रुपये करत बसू नका. पाहायला पैसे पडत नाहीत आणि फळांच्या फोडी चाखायला देतात.

तिथून जवळच कॅलिफोर्निया स्ट्रीटची केबल कार सुटते. पॉवेल स्ट्रीटच्या दोन मार्गांवर रांगा लांबलचक असतात, या मार्गावर त्या मानानं कमी. या गाडीत इंजिन नाही बरं का! रस्त्याखाली एक पोलादी दोर ताशी सुमारे पंधरा किलोमीटरच्या वेगानं अखंड फिरत असतो. चालक मोठ्या तरफेनं तो दोर पकडतो की गाडी चालते, सोडतो आणि ब्रेक लावतो की थांबते. १८७३ साली अँड्र्यू हॅलिडी यांनी ही सोय सुरू केली. चढावर घसरणाऱ्या घोड्यांचे हाल पाहून ही कल्पना सुचली असं सांगतात. वॉशिंग्टन आणि मेसन रस्त्यांच्या कोपऱ्यावर केबल कारचं संग्रहालय आहे. तिथं हे दोर ओढणारी अजस्र चाकं फिरताना दिसतात, आणि प्रवेश फुकट आहे.

वाटेत चायनाटाउन लागतं. ग्रँट रस्त्यावरची दुकानं पाहुण्यांसाठी. खरी मंडई पाहायची तर शेजारच्या स्टॉकटन रस्त्यावर जा. तिथं चिनी बायका आलं, वांगी, पालेभाज्या उलटून-पालटून, दाबून बघून घेताना दिसतील. भाषा कळली नाही तरी घासाघीस कळते!

दिवस दुसरा: पूल, बाग आणि आपली माणसं

गोल्डन गेट पूल १९३७ च्या मे महिन्यात खुला झाला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,२८० मीटर आहे. नाव गोल्डन, पण रंग नारिंगी, म्हणजे धुक्यातही उठून दिसतो. मोटारीतून सर्रकन जाण्यापेक्षा पायी निम्म्यापर्यंत जा आणि परत या. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. वारा जोराचा असतो, पदर नीट खोचा, ओढणी बांधा.

पुलापासून २८ क्रमांकाची बस गोल्डन गेट पार्ककडे जाते. हजार एकरांहून मोठी ही बाग वाळूच्या टेकड्यांवर माती आणि खत घालून उभी केलेली आहे. तिथली जपानी बाग १८९४ च्या प्रदर्शनातली. हागिवारा नावाच्या जपानी कुटुंबानं ती वर्षानुवर्षं सांभाळली, पण १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यात हे कुटुंबही गेलं. बागेतल्या छोट्या पुलावर उभ्या राहाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा.

वेळ उरला तर दोन ठिकाणं आपल्या जिव्हाळ्याची. एक, वेबस्टर आणि फिल्बर्ट रस्त्यांवरचं वेदान्त सोसायटीचं जुनं मंदिर. स्वामी विवेकानंद १९०० साली या शहरात आले होते. हे मंदिर १९०६ च्या जानेवारीत उघडलं आणि तीनच महिन्यांनी आलेल्या भूकंपातून वाचलं. दुसरं, ५ वुड स्ट्रीटवरचं गदर स्मारक. १९१३ साली इथल्या हिंदी लोकांनी स्वातंत्र्यासाठी गदर पक्ष काढला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यात होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळेही होते. पिंगळे बंडासाठी परत मायदेशी आले आणि १९१५ साली लाहोरला फासावर गेले. स्मारक रोज उघडं असतंच असं नाही, आधी चौकशी करून जा.

दिवस तिसरा: द्राक्षांचं खोरं

आता थोडं अवघड प्रकरण. मुलं म्हणतात, "आई, नापाला जाऊ या," आणि आपल्या कपाळावर आठी. दारूच्या गावाला आम्ही कशाला? मी म्हणते, जरूर जा. पाहणं वेगळं आणि पिणं वेगळं. जी बाई नाशिक-सांगलीच्या द्राक्षांवर वाढली तिनं नापा पाहायचं नाही तर कुणी?

शहराच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर हे खोरं आहे. लांबी पन्नासेक किलोमीटर. कॅलिफोर्नियातल्या एकूण वाईनपैकी इथं होते ती जेमतेम ४ टक्के, पण नाव जगभर. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावं झाकून चव घेतली आणि तांबड्या व पांढऱ्या दोन्हींत नापाची वाईन पहिली आली. तेव्हापासून इथं पाहुण्यांची रीघ. तरी खोऱ्यात इमारतींचं रान माजलेलं नाही, कारण १९६८ सालीच इथल्या लोकांनी शेतजमिनीचे तुकडे पाडायला कायद्यानं बंदी घातली. आपल्या गावाबाहेरचे मळे आठवले की ही गोष्ट मनाला लागते.

वेली नीट पाहा. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या. तिथं हिवाळ्यात वेल पानं झाडून झोपतो आणि छाटणी एकदाच. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर ओळींच्या मधून पिवळीधमक मोहरी फुललेली दिसेल. तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. फळ गार राहावं म्हणून पुष्कळदा रात्री, दिवे लावून तोडतात. तोडणारे हात बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या मजुरांचे. बाटलीवर त्यांचं नाव नसतं.

वाईनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढुरकाच निघतो. लाल रंग येतो तो सालीसकट आंबवल्यामुळे. आणि एक गंमत सांगू? आपण बिनबियांची म्हणून आवडीनं खातो ती थॉमसन द्राक्षं विल्यम थॉमसन या कॅलिफोर्नियातल्याच शेतकऱ्याच्या नावाची. तासगावकडची 'तास-ए-गणेश' त्यांच्यातूनच निवडलेली. बागायतदारांच्या घरात ज्या डॉगरिज खुंटावर कलमं बांधतात, तो खुंटही मूळचा अमेरिकेतला. नाशिकची सुला काढणारे राजीव सामंतही कॅलिफोर्नियातली नोकरी सोडूनच परत आले होते. तेव्हा हे परक्याचं गाव नव्हे, सोयरिकीतलंच म्हणा!

जायचं कुठं? चार्ल्स क्रुग (१८६१) आणि बेरिंजर (१८७६) ही जुनी घराणी. बेरिंजरची तळघरं चिनी मजुरांनी हातांनी डोंगर खोदून केलेली. पुढं सेंट हेलेनाजवळ बेल ग्रिस्ट मिल म्हणून १८४६ सालची पाणचक्की आहे. तिचं लाकडी चाक छत्तीस फुटी, आणि शनिवार-रविवारी तिथं खरोखर दळण दळतात. ज्यांनी आजीला जात्यावर पाहिलं त्यांनी ती चुकवू नये. खोऱ्याच्या टोकाला कॅलिस्टोगा, तिथं वज्रेश्वरीसारखे गरम पाण्याचे झरे.

चव घेण्याचं म्हणाल, तर पेल्यात घोट-दोन घोट ओततात. शेजारी भांडं ठेवलेलं असतं, घोट त्यात टाकून द्यायला कुणी हसत नाही. घ्यायची नसेल तर हसून "नको" म्हणा, कारण सांगत बसू नका. घ्यावीशी वाटली तर तीही तुमचीच मर्जी. जन्मभर इतरांच्या आवडीनं ताट वाढलं, एक घोट स्वतःच्या कुतूहलाचा असू द्या. फक्त रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

गाठीला बांधून ठेवा

० ज्याच्या हाती गाडी त्याच्या ओठी पेला नाही. कायदा कडक आहे, आणि मागच्या सीटवर आपलं नातवंड आहे.

० बहुतेक ठिकाणी वेळ आधी ठरवावी लागते आणि चव घेण्याचे पैसे माणशी पडतात. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत.

० दशम्या, पराठे घ्या, पण वाईनरीत बाहेरचं खाणं सहसा चालत नाही. जवळच्या सरकारी उद्यानात चटई पसरा.

० शहरात मोटारीत पिशवी, पर्स दिसेल अशी ठेवू नका. काचा फुटतात.

० घरचा पत्ता आणि मुलांचे फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. फोनची बॅटरी ऐन वेळी संपते.

० निघण्यापूर्वी स्वतःचे थोडे डॉलर वेगळे काढा. एकदा तरी सगळ्यांचं जेवण तुमच्या पैशांनी होऊ द्या. सुनेला सांगा, "आज पाहुणे तुम्ही."

आणि मैत्रिणींनो, हे सारं मुलांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणानं सांगा. "तुमची सोय असेल तेव्हा" असं म्हणू नका, तारीख ठरवा. आईला काही पाहायचं असेल हे पुष्कळदा मुलांच्या लक्षातच येत नाही, कारण आपण कधी बोललेलोच नसतो.