'तांत्रिक बिघाड' कसला?

१६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० क्रमांकाच्या स्वायत्त जाळ्याने, म्हणजेच एएसने, आपले नसलेले तीस हजारांहून अधिक प्रीफिक्स, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट, आपलेच असल्याचे जगाला सांगितले. जगाने ते मानले. त्या जाळ्यात शिरणारा ओघ नेहमीच्या तेरापट झाल्याची नोंद झाली. अशा घटनांना आपल्याकडे सर्रास 'तांत्रिक बिघाड' म्हटले जाते. वस्तुतः ज्या राउटरांनी ही घोषणा स्वीकारली, त्यांच्यात काहीच बिघडलेले नव्हते. त्यांनी नेमून दिलेले काम चोख केले, आणि खरी चिंता तीच आहे.

कोणत्या पत्त्याकडे कुठून जावे, हे स्वायत्त जाळी एकमेकांना बीजीपीने सांगतात. १९८९ साली दोन अभियंत्यांनी कागदी रुमालांवर खरडलेला हा आराखडा शेजाऱ्यावरच्या विश्वासावर उभा आहे. आपले विद्यार्थी मार्गनिवडीचा क्रम स्तोत्रासारखा पाठ करतात: लोकल प्रेफरन्स, एएस पाथची लांबी, ओरिजिन, मेड. परीक्षेत गुणही मिळतात. मात्र सांगणारा खरे बोलतो आहे काय, हा प्रश्न त्या क्रमात कुठेही नाही.

किंबहुना हा क्रमच खोट्याला साथ देऊ शकतो. पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून आलेल्या मार्गाला सेवादाते सहसा अधिक लोकल प्रेफरन्स देतात, आणि ती कसोटी लांबीच्या आधी लागते. त्यामुळे ग्राहकाची चुकीची घोषणा खऱ्या, आखूड मार्गावरही मात करते. कधी तर स्पर्धाच होत नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी यूट्यूब आपला /२२ प्रीफिक्स घोषित करत होते. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच /२४ घोषित केला. राउटर अधिक नेमका प्रीफिक्स निवडतो, म्हणून सुमारे दोन तास यूट्यूब जगातल्या बऱ्याच भागातून नाहीसे झाले. पाठ केलेला क्रम तिथे कामालाच आला नाही.

तरीही दोष शोधायला बसलेला आपला पदवीधर स्वतःच्याच राउटरचा तक्ता न्याहाळत राहतो. तिथे सारे आलबेल दिसते! आपला प्रीफिक्स बाहेरून कसा दिसतो, त्याचा उगम म्हणून आज कोणता एएस क्रमांक येतो, काल कोणता येत होता, हे राउटव्ह्यूजसारख्या सार्वजनिक संग्रहांत कोणालाही पाहता येते. ते पाहायला शिकवणारे प्रात्यक्षिक किती महाविद्यालयांत होते?

उपाय अज्ञात नाहीत. आरपीकेआयमध्ये पत्त्यांचा धारक उगमाचा एएस क्रमांक स्वाक्षरीनिशी नोंदवतो; त्याच्याशी न जुळणारी घोषणा राउटरला नाकारता येते. ही तपासणी उगमापुरतीच आहे, संपूर्ण मार्गाची नव्हे, हे मान्य. परंतु २०२१ची चूक उगमाचीच होती. शिवाय शेजाऱ्याकडून किती प्रीफिक्स घ्यायचे याची कमाल मर्यादा घालायला राउटरमध्ये एक ओळ पुरते. ती ओळ कोणी लिहिली नव्हती, हे विचारण्याऐवजी आपण 'बिघाड' दुरुस्त झाल्याची बातमी वाचतो आणि पुढे सरकतो.