पट्टकादंबाचे दोन मुक्काम

हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर पट्टकादंब उतरतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारा हा हंस तिबेट, लडाख व मंगोलियातील सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून दख्खनच्या पठारावर येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील त्याच्या उड्डाणाची नोंद आहे. लडाखमधील त्सो मोरीरी व त्सो कर ही सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील सरोवरे त्याची उन्हाळी घरे होत. अनुक्रमे २००२ आणि २०२० साली या पाणथळ जागा रामसर यादीत समाविष्ट झाल्या. आपल्याकडील पक्षिप्रेमीही आता तेथे जातात. काळ्या मानेचा क्रौंच पाहतात आणि चांगपा पशुपालकांच्या याकच्या केसांच्या तंबूंची छायाचित्रे घेऊन परततात.

असे प्रवास अवश्य व्हावेत. आमचा आक्षेप आहे तो केवळ छायाचित्रापाशी थांबणाऱ्या दृष्टीला. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. आजचा पर्यटक भटक्यांना गुन्हेगार मानीत नाही, देखावा मानतो. दोहोंतही त्यांचे नागरिकत्व हिशेबात येत नाही.

चांगपांची भटकंती हौसेची नाही. पश्मिना देणाऱ्या शेळ्यांना चारा हवा, म्हणून वर्षातून अनेकदा तळ हलवावा लागतो. चीनशी सीमा बंद झाल्यावर काही जुनी कुरणे पलीकडे राहिली आणि उरलेल्या कुरणांवर तिबेटहून आलेल्या निर्वासित पशुपालकांचाही भार पडला. मुलांच्या शिक्षणासाठी कित्येक कुटुंबे कळप विकून लेहजवळ स्थिरावली. या दोन सरोवरांच्या मधल्या पुगा खोऱ्यात भटक्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालते, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही पक्ष्याइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण आपला प्रश्न तोच आहे. गळीत हंगाम आला की परभणी जिल्ह्यातील वाडी-तांड्यांवरून मुकादमाची उचल घेतलेले कोयते कारखान्यांकडे निघतात आणि मुले कोप्यांवर जातात. आई-बाप हलले तरी मुलाची इयत्ता हलू नये, यासाठी वसतिगृह असते. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले, त्यामागे हीच जाण होती. परंतु वसतिगृहाने मुलाला आई-बापाच्या श्रमाची लाज वाटावयास लावली, तर ते शिक्षण अपुरे होय. भूगोलाच्या तासाला स्थलांतर शिकविताना कोपीवर राहून आलेल्या मुलालाही बोलते केले पाहिजे.

लडाख झरीहून दूर आहे आणि खर्चिकही. तथापि नाथसागर आवाक्यात आहे. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावापासून जवळच गोठणगावची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून नांदते आहे. शाळेने आपली सहल या दोन ठिकाणी न्यावी, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांनी दुर्बिणीबरोबर वहीही न्यावी. तेथील वडीलधाऱ्यांना ते कोठून आले, काय मागे राहिले आणि येथे त्यांची मुले कशी शिकली हे विचारावे. तिबेटी माणसाला धम्मबंधू म्हणणे सोपे आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याने ते नाते खरे होईल.